साठीनंतरची गाडी आणि घरातली किल्ली

सिग्नल नसलेल्या चौकात थांबून उजवीकडे वळणं हे दुचाकीवरचं सगळ्यात अवघड काम. ओलांडायचा रस्ता १२ मीटर रुंद धरा. उभ्या गाडीवरून निघून तो पार करायला साधारण चार सेकंद लागतात. समोरची कार ताशी ५० किलोमीटरने येत असेल, तर तेवढ्यात ती ५५ मीटर पुढे सरकलेली असते. निघू की थांबू या घोळात आणखी एक सेकंद गेला, तर हिशोब ७० मीटरवर जातो. या वेळात दोन्हीकडे पाहायचं, येणाऱ्याचा वेग ओळखायचा, मधूनच कुणी राँग साईडने घुसतो का ते बघायचं, क्लच सोडायचा, पाय उचलायचा. पंचविशीतला मुलगा हे सगळं एकदम करतो. सत्तरीतला माणूस यातलं प्रत्येक काम नीट करतो, पण एकामागून एक करतो. शिवाय वयाबरोबर समोरून येणाऱ्याचा वेग जोखण्याचा अंदाज ढिला पडतो. माणूस अंतर बघून निघतो, वेगाकडे त्याचं लक्ष जात नाही.

हाच माणूस सकाळी सात वाजता नागपुरातल्या धरमपेठेतल्या घरून निघून, एकही उजवं वळण न घेता, दोन गल्ल्या पलीकडच्या बागेत जाऊन येतो. वय तेच, गाडी तीच, पण दोन्ही फेऱ्यांतल्या धोक्याची तुलनाच होऊ शकत नाही. म्हणून "बाबांनी आता गाडी सोडावी का?" हा प्रश्न ज्या पद्धतीने घरोघरी विचारला जातो, ती पद्धतच मला चुकीची वाटते. मुलं म्हणतात, "बाबा, पुरे आता, एकाहत्तर झालं वय." बाबा म्हणतात, "चाळीस वर्षं चालवतो आहे, कुठे खरचटलं का?" एकजण वयाचा आकडा पुढे करतो, दुसरा अनुभवाचा, आणि कोणत्या रस्त्यावर, किती वाजता, कोणती गाडी, याबद्दल दोघंही बोलत नाहीत. मग एक दिवस किल्ली कपाटात जाते, किंवा बाप रागाने पावसातच गाडी काढतो. माझं म्हणणं असं की गाडी एका दिवसात सोडायची नसते. गाडीवरची एकेक कामं सोडत जायचं असतं, आणि कोणतं काम कधी सोडायचं हे बऱ्याच अंशी मोजून ठरवता येतं.

आधी एक आकडा, कारण तो दोन्ही बाजूंनी चुकीचा वापरला जातो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर दगावली. त्यांतले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते आणि एकूण मृतांपैकी दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयोगटातले. यावरून "मरतात ती पोरं, आम्ही हळू चालवतो" असं ज्येष्ठ मंडळी म्हणतात. पण तरुण जास्त वेळ, जास्त अंतर, जास्त वेगाने गाडीवर असतात, म्हणून ते जास्त दिसतात. म्हातारपणाचा धोका वेगळ्या ठिकाणी असतो. अपघात कमी होतील, पण झाला तर शरीर तो पेलत नाही. विशीत ज्या पडण्यात कोपर सोलवटतं, त्याच पडण्यात साठीनंतर मनगट किंवा खुबा मोडतो. दीड मीटर उंचीवरून डोकं जमिनीवर आपटतं, तेव्हा त्याचा वेग ताशी २० किलोमीटरच्या जवळ असतो, मग गाडी जागेवर उभी असली तरी. "किराणा आणायलाच तर जातो" म्हणून हेल्मेट घरी ठेवणाऱ्याने हा हिशोब मनात ठेवावा.

आणि साठीनंतरचं पडणं बरेचदा असंच असतं: उभ्या उभ्या, फाटकापाशी, सिग्नलला पाय टेकवताना, डबल स्टँडवर घेताना. स्प्लेंडरचं वजन ११२ किलोच्या आसपास, बुलेटचं १९५. बुलेट दहा अंश कलली, तर तिला हँडलपाशी धरून ठेवायला अंदाजे १७ किलोचा जोर लागतो. वीस अंशांवर तो जवळजवळ दुप्पट होतो, आणि हे वर बसलेल्या माणसाचं वजन न धरता. तरुण मांडी हा जोर घेते. गुडघा झिजलेला असेल तर पाय मुडपतो. मग माणूस सवयीने गाडी वाचवायला जातो आणि तिथे हात, पाठ, खांदा जायबंदी होतो. एका मर्यादेपलीकडे गाडी कलली की हँडल सोडायचं, पाय बाजूला घ्यायचा, गाडीला पडू द्यायचं. लेग गार्ड आणि तुटलेली लिव्हर थोड्या पैशांत बदलून मिळते. हे तरुणपणी शिकलेल्या सगळ्याच्या उलट आहे, म्हणून मुद्दाम, मनाशी दहादा घोकून ठेवावं लागतं.

नागपूरच्या रस्त्यांनी या मंदगती पडण्यात आपली भर घातली आहे. शहरभर सिमेंटचे रस्ते झाले. ते टिकतात, खड्डे कमी पडतात, हे मान्य. पण अनेक ठिकाणी सिमेंटची कड आणि बाजूची माती किंवा गट्टू यांच्यात चार बोटांचा, कुठे वीतभर उंचीचा फरक राहून गेला आहे. बस आली म्हणून माणूस कडेला उतरतो, आणि परत वर येताना कडेला समांतर चालत अलगद चढायला बघतो. चाकाची बाजू कडेला घासते, पुढचं चाक वर चढत नाही, गाडी सरळ जात राहते आणि स्वार आडवा होतो. अशा कडेवर चढायचं तर आधी पूर्ण थांबावं, हँडल वळवून कडेशी काटकोनाच्या जवळ यावं आणि थोडी रेस देऊन एका झटक्यात दोन्ही चाकं वर घ्यावीत. जमणार नसेल तर पुढे जिथे उतार असेल तिथपर्यंत खालूनच जावं. चाकाचा आकारही इथे महत्त्वाचा. बऱ्याच स्कूटरला मागे १० इंची चाक असतं. स्प्लेंडरसारख्या मोटरसायकलची चाकं १८ इंची. जो खाचखळगा मोठं चाक ओलांडून जातं, त्यात छोटं चाक बसतं. म्हणून ज्येष्ठांसाठी स्कूटर घेताना दोन्हीकडे १२ इंची चाकं असलेली बघावी. मोटरसायकलवरून स्कूटरवर येण्याचा सल्ला मी तरीही देतो. मागे पाय टाकून चढण्याची गरज उरत नाही, आणि खुबा आखडलेल्या माणसाचा तोल तिथेच जात असतो. फक्त चाकाचा हा तोटा माहीत असू द्यावा आणि खड्ड्याआधी वेग कमी करावा.

डोळ्यांचा प्रश्न अधिक सरळ आहे. वयाबरोबर बाहुली लहान होते, भिंग पिवळसर आणि धुरकट होतं. विशीच्या तुलनेत साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोचतो. दिवसा याने काही बिघडत नाही. रात्री बिघडतं, आणि समोरून अप्परवर एलईडी दिवा आला की फारच बिघडतं, कारण दिपल्यानंतर डोळा पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागतो. गाडी ताशी ४० ने चालली असेल तर ती सेकंदाला ११ मीटर जाते. समोरचा दिवा निघून गेल्यावर चार सेकंद रस्ता काळाच दिसत असेल, तर ४४ मीटर आपण न बघता गेलो. त्या ४४ मीटरमध्ये बसलेली गाय असते, झोपलेला कुत्रा असतो, अर्धवट उघडं मॅनहोल असतं. सिमेंटच्या फिकट रस्त्यावर पांढरे पट्टेही पुसट दिसतात. मोतीबिंदू सुरू झाला की प्रत्येक दिव्याभोवती किरणांचं जाळं दिसतं. काचबिंदूत समोरचं नीट दिसतं आणि बाजूचं हळूहळू नाहीसं होतं. तो प्रकार जास्त वाईट, कारण माणसाला ते जाणवतच नाही. रात्रीसाठी विकले जाणारे पिवळे चष्मे घेऊ नयेत. ते आधीच कमी असलेला प्रकाश आणखी अडवतात. हेल्मेटची ओरखडे पडलेली काच मात्र आजच बदलावी. त्या ओरखड्यांवर समोरचा दिवा फुटतो आणि अर्धा झगमगाट तिथलाच असतो. रात्रीची गाडी हे सोडायचं पहिलं काम, असं माझं स्पष्ट मत आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की तेच काम डॉक्टरांना विचारून परतही घेता येतं. सोडलेलं सगळंच कायमचं नसतं, हे बाबांना सांगितलं तर अर्धं भांडण तिथेच मिटतं.

औषधांकडे घरातल्या कुणाचंच लक्ष नसतं. सर्दीची साधी गोळी, विशेषतः क्लोरफेनिरामिन असलेली, आणि काही जणांना सेटिरिझिनसुद्धा, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सुस्ती ठेवते. झोपेच्या गोळीचंही तसंच. प्रोस्टेटसाठी किंवा रक्तदाबासाठी दिलेल्या काही गोळ्यांनी उठून उभं राहताच दाब उतरतो. घरच्या यंत्रावर बसून दाब मोजा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर डॉक्टरांना दाखवेपर्यंत गाडीला हात लावू नये. मधुमेहात इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर साखर उतरण्याचा धोका असतो. निघण्याआधी ग्लुकोमीटरवर ९० च्या खाली आकडा असेल तर आधी खाणं, मग गाडी. यात एक खोच आहे. हृदयासाठी किंवा दाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल, तर साखर उतरताना होणारी धडधड आणि थरथर झाकली जाते. जो इशारा मिळायला हवा तो मिळतच नाही. आणि ज्यांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी आहे, त्यांचं डोक्यावर पडणं कधीच किरकोळ समजू नये. म्हाताऱ्या मेंदूभोवतीचा रक्तस्राव हळू साचतो आणि कधी काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी बोलणं अडखळायला लागल्यावर कळतो. अशा माणसाने पडल्यावर "काही नाही झालं" म्हणून घरी न बसता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

मे महिन्यातलं नागपूर या सगळ्यात वेगळी भर टाकतं. पारा ४५ च्या वर असतो, लघवी वाढवणारी दाबाची गोळी चालू असते, माणूस तहान लागत नाही म्हणून पाणी पीत नाही, आणि दुपारी दोन वाजता सिग्नलला दीड मिनिट तापलेल्या सिमेंटवर उभा राहतो. भोवळ येते ती अशाच वेळी. उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ गाडी बंद, हा नियम पासष्टीनंतर अजिबात अवघड नाही. कामं सकाळी उरकता येतात. संक्रांतीच्या आसपासचे आठ-दहा दिवसही असेच वगळावेत. नायलॉन मांजावर बंदी आहे, पण तो या शहरात दरवर्षी गळे कापतो. गळ्याभोवती जाड मफलर आणि गाडीला पुढे तारेची कमान लावली तर काही बचाव होतो. पण मांजा दिसायला चांगली नजर लागते आणि तो दिसल्यावर झटकन मान वळवावी लागते. नेमकं तेच वयात कमी झालेलं असतं.

मानेचंच घ्या. आरसे सगळं दाखवत नाहीत. लेन बदलताना खांद्यावरून मागे बघावं लागतं. मानेच्या मणक्यांची झीज असेल तर हनुवटी खांद्यापर्यंत पोचत नाही, आणि मग माणूस संपूर्ण धड वळवतो. धडाबरोबर हँडलही वळतं. घरापुढे गाडी डबल स्टँडवर लावून बसावं आणि मागच्या डाव्या-उजव्या कोपऱ्यात उभ्या गाड्यांचे नंबर हँडल न हलवता वाचून बघावे. वाचता येत नसतील तर उड्डाणपूल संपताना डावीकडून-उजवीकडून मिसळणारी वाहनं, रिंग रोडवरचं लेन बदलणं, ही कामं बंद.

अशाच आणखी काही कसोट्या घरी करता येतात. रविवारी सकाळी लवकर, एखाद्या नव्या लेआउटमधल्या रिकाम्या सरळ रस्त्यावर त्या कराव्यात, सोबत घरचं कुणीतरी असावं. आधी पायउतार होऊन: खुर्चीवरून हात न टेकवता पाच वेळा उठणं-बसणं १५ सेकंदांत होतं का. एका पायावर, कशाला न धरता, दहा सेकंद उभं राहता येतं का. २५ मीटरवरून, म्हणजे साधारण तेहतीस पावलांवरून, कारची नंबर प्लेट वाचता येते का, आणि तीच संध्याकाळी दिवे लागल्यावर वाचता येते का. मग गाडीवर: वीस मीटर अंतर चालण्याच्या वेगाने, पाय न टेकवता जाता येतं का. शेवटी ब्रेक. रस्त्यावर खडूने रेघ मारायची, ताशी ३० ने यायचं, रेघेवर दोन्ही ब्रेक लावायचे. ब्रेक आणि टायर ठीक असतील आणि हात मोकळा असेल, तर कोरड्या रस्त्यावर गाडी सात-आठ मीटरमध्ये थांबते. बारा मीटर लागत असतील, तर एकतर ब्रेक उशिरा लागला, किंवा बोटांत जोर नाही, किंवा गाडीत दोष आहे. तिन्हींवर इलाज वेगवेगळे, म्हणून आधी तीच गाडी घरातल्या तरुणाने त्याच रेघेवर थांबवून बघावी.

गाडीतला दोष निघण्याची शक्यता बरीच असते. निवृत्तीनंतर गाडी महिन्याला शंभर-दीडशे किलोमीटर चालते, म्हणून मालक म्हणतो, "काही झिजलंच नाही." रबराला मात्र किलोमीटर कळत नाहीत, वर्षं कळतात. टायरच्या बाजूवर चार आकडी छापील खूण असते. पहिले दोन अंक आठवडा, नंतरचे दोन वर्ष. १८१७ म्हणजे २०१७ चा अठरावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांपलीकडचं टायर कडक होतं आणि पहिल्या पावसात, चिखल पसरलेल्या सिमेंटवर, घसरतं. ड्रम ब्रेकची केबल उभ्या गाडीत गंजते. लिव्हर दाबली जाते, पण परत यायला वेळ लावते. लिव्हरचा मोकळा प्ले साधारण १० ते २० मिलिमीटर असावा. याहून जास्त असेल तर संधिवाताच्या बोटांना ती पुरती दाबताच येत नाही. डिस्क ब्रेकचं ऑइल दर दोन वर्षांनी बदलायला हवं, गाडी चालो न चालो. मेकॅनिककडे "सर्व्हिसिंग करा" एवढंच न सांगता या तीन गोष्टी नाव घेऊन सांगाव्यात. नवी गाडी घ्यायचीच असेल तर वयस्कांसाठी मी एबीएसला, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेला, पहिला मान देतो. घाबरून पुढचा ब्रेक एकदम आवळला जाणं ही या वयातली नेहमीची चूक आहे, आणि एबीएस नेमकी तीच सावरतो. १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक गाड्यांत फक्त सीबीएस असतो. तो दोन्ही ब्रेक एकत्र लावतो, पण चाक जाम होणं थांबवत नाही. विकणारे हा फरक नीट सांगत नाहीत.

आता मुलांच्या बाजूच्या चुका. बाबांची किल्ली काढून घेतली आणि नातवाच्या मागे बसवलं, की घर निर्धास्त होतं. मागे बसणाऱ्याला ब्रेक कधी लागणार ते कळत नाही, धरायला नीट काही नसतं, आणि बहुतेक वेळा डोक्यावर हेल्मेट नसतं. आई साडीत एका बाजूला पाय सोडून बसते, तेव्हा वजन एकीकडे जातं आणि मागून धक्का बसला तर ती थेट रस्त्यावर जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे हेल्मेट मागच्यालाही सक्तीचं आहे. ज्या नातवाच्या मागे आजोबांना बसवलं तो कट मारत जात असेल, तर आजोबांनी स्वतः ताशी ३० ने जाणं बरं होतं.

दुसरी पळवाट म्हणजे २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची, ताशी २५ च्या आतली इलेक्ट्रिक स्कूटर. तिला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही, म्हणून परवाना संपलेल्या आजोबांना ती भेट दिली जाते. त्याच चौकात, त्याच ट्रकांमध्ये ती चालते, उलट वेग कमी म्हणून मागची वाहनं जास्त चिकटतात. परवान्याची गरज नसणं म्हणजे नजरेची आणि तोलाची गरज नसणं नव्हे. मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर काहींना खरोखर उपयोगी पडते, पण तिच्यावर सरळ जाऊन बसू नये. ती वळणावर झुकत नाही. चाळीस वर्षं झुकून वळलेला माणूस सवयीने अंग टाकतो आणि गाडी सरळ निघते. आठवडाभर रिकाम्या जागेत फक्त वळणं घ्यावीत, आणि असा बदल आरटीओत नोंदवून घ्यावा.

आरटीओचा विषय निघालाच आहे, तर माझी खरी तक्रार तिथल्या व्यवस्थेबद्दल आहे. कायद्यात गाडी चालवण्याला वरची वयोमर्यादा नाही, आणि ती नसावीच. पंचावन्नीनंतर परवाना पाच-पाच वर्षांसाठी मिळतो. चाळिशीनंतर त्यासोबत डॉक्टरचा फॉर्म १-ए लागतो. त्या फॉर्मात विचारलेलं आहे की २५ मीटरवरून नंबर प्लेट दिसते का, लाल-हिरवा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, नेहमीचे आवाज ऐकू येतात का. प्रश्न चांगले आहेत. पण ते विचारून, तपासून सही करणारे डॉक्टर किती? दोन मिनिटांत सही-शिक्का मिळतो हे प्रत्येकाला माहीत आहे. तोल, मान, साखर, चालू औषधं यांचा त्यात पुरेसा विचारच नाही. सत्तरीनंतर पाच वर्षं हा फार मोठा काळ आहे. एका मोतीबिंदूचा पूर्ण प्रवास त्यात होऊन जातो.

मला हवं आहे ते असं: सत्तरीनंतर दर दोन वर्षांनी तपासणी, त्यात डोळ्यांची खरी चाचणी आणि दहा मिनिटं गाडीवरची, ब्रेक आणि मंद वेगासह. निकाल पास-नापास असा दोनच रकान्यांत नको. "फक्त दिवसा", "फक्त बिनगिअर", "मागे स्वार नको" असे शेरे परवान्यावर मारता आले पाहिजेत. यावर आक्षेप येतो की म्हाताऱ्यांना रांगेत उभं करणार, एजंटांचं आणखी फावणार. हा आक्षेप मी हलका मानत नाही. म्हणूनच ही तपासणी ज्येष्ठ नागरिक मंडळांच्या सभागृहांत, नेत्र शिबिरांना जोडून व्हावी, आणि ठरावीक शेरा देणाऱ्या डॉक्टरने मोजलेले आकडे फॉर्मात लिहावेत. "ठीक आहे" एवढं लिहून चालू नये.

तोवर निदान परवाना चालू ठेवावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत संपल्यावरची तीस दिवसांची सवलत गेली. मुदतीच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येतं. संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी. गाडीमालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा वैध परवान्यावर अवलंबून असतो, हे बऱ्याच घरांना दावा करायला गेल्यावर कळतं.

गाडी सोडलेला माणूस मग जातो कसा, याचं उत्तर या शहराने द्यायचं आहे. २०२२ च्या त्याच अहवालात मृतांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा पादचारी आहेत. किल्ली घेतली म्हणजे बाबा सुरक्षित झाले असं होत नाही. ते पादचारी होतात. फुटपाथ जिथे आहे तिथे दुकानं आणि उभ्या गाड्या, जिथे नाही तिथे ती सिमेंटची कड. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला मिळतात. वर्धा रोड किंवा कामठी रोडचा लांब, वेगवान पल्ला त्यावर सोपवून गाडी घर ते स्टेशन एवढीच ठेवणं हा आजच शक्य असलेला मधला मार्ग आहे. गल्लीतून, ओळखीच्या वाटेने स्टेशन, तिथे पार्किंग, पुढे मेट्रो. पण ज्यांच्या घरापासून स्टेशन तीन-चार किलोमीटर आहे, त्यांना जोडणारी छोटी बस नियमित नसेल, तर आपण त्यांना गाडी सोडा म्हणायचा हक्क गमावतो. कॉटन मार्केट, बँक, मित्राचं घर, सकाळची बाग एवढ्यावरच त्या माणसाचं स्वतःचं आयुष्य उभं असतं. ते काढून घेतल्यावर तो घरात बसून वर्षभरात खचतो, आणि तो खचण्याचा धोका अपघाताच्या आकडेवारीत कधी मोजला जात नाही. मला तो तितकाच खरा वाटतो.

उतरती कळा ओळखणं चालवणाऱ्याला स्वतःला कठीण जातं, हे मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. बदल इतके सावकाश होतात की रोज तीच नजर, तेच हात वाटतात. अशा वेळी गाडीकडे बघावं. लेग गार्डवर नव्या खरचटण्याच्या खुणा, लिव्हरचं तुटलेलं टोक, फाटकाला घासलेला आरसा, वळण होऊन गेल्यावरही टिकटिकत राहिलेला इंडिकेटर, ओळखीच्या चौकात क्षणभर "कुठे वळायचं होतं?" असं होणं. पहिल्या चार गोष्टी तीन महिन्यांत दोनदा घडल्या तर कसोट्या पुन्हा करायच्या. पाचवी एकदा जरी घडली तरी गाडी थांबवून आधी मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं, कारण तो प्रश्न गाडीपुरता राहत नाही.

आणि बोलणं मुलाने बापाशी बोलावं तसं असावं, जप्तीच्या नोटिशीसारखं नव्हे. "बाबा, द्या ती किल्ली" याऐवजी "बाबा, रात्रीचं मी येतो घ्यायला, सकाळचं तुम्ही बघा". रात्र सोडायची, मग पाऊस, मग मागे आईला बसवणं, मग रिंग रोड आणि हायवे, मग सिग्नल नसलेल्या चौकातलं उजवं वळण. त्यासाठी एक किलोमीटर लांबून सिग्नलच्या चौकाने गेलं तरी चालतं. गल्लीतली सकाळ सगळ्यात शेवटी. निवृत्तिवेतन घेणारे दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतात. तोच महिना या तपासणीला ठेवावा. पावसाळा संपलेला असतो, अंधार लवकर पडू लागलेला असतो, रस्ते कोरडे असतात. खडू, ग्लुकोमीटर, दाबाचं यंत्र, टायरवरचा आकडा आणि २५ मीटरची नंबर प्लेट. मोजलेले आकडे एका वहीत तारखेसह लिहून ठेवावेत, आणि पुढच्या नोव्हेंबरात बाप-लेकांनी तीच वही समोर ठेवून बसावं.